तलावाला पडदा हवा की माती?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘आपला जलतरण तलाव : काल, आज, उद्या’. कालबद्दल स्मरणिकेत फोटो आहेतच, ते बघा. मी उद्याबद्दल बोलायला उभा आहे, कारण येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव येणार आहे की तलाव बुजवून तिथे पार्किंग करावं. ठराव मांडणारे आपलेच लोक आहेत, त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पाणी नाही, टँकरचा खर्च परवडत नाही, आणि एवढं करून तलाव वर्षातले निम्मे दिवस हिरवा किंवा गढूळ. मग ठेवायचा कशाला?

त्यांचा पाण्याचा मुद्दा खराच आहे. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात आणि मग ते आपल्या टाकीत येतं. नोव्हेंबर २०१९ पासून ते एक दिवसाआड येतंय. पुढे आंद्रा धरणाचं पाणी निघोजे बंधाऱ्यावरून चिखलीच्या केंद्रात आलं, तरी दिवसाआड काही सुटलं नाही. कारण शहर रोज वाढतंय. अशा शहरात ८६ हजार लिटर पाणी उघड्यावर ठेवायचं, म्हणजे त्याचा हिशोब द्यावा लागणारच. तो मी आज देतो.

आपला तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली एक मीटर वीस. म्हणजे पृष्ठभाग ७२ चौरस मीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ७२० लिटर पाणी गेलं. मे महिन्यात आपल्याकडे दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरायला हरकत नाही, म्हणजे रोज पावणेसहाशे लिटर, महिन्याला १७ हजारांच्या वर. दहा हजारांचा टँकर धरला तर जवळजवळ दोन टँकर नुसते हवेत जातात. त्यात कोणी पोहलेलं नाही, कोणाचे कपडे धुतलेले नाहीत.

आता घाणीचा हिशोब. पाला पडला, धूळ पडली, की वाळूचा फिल्टर तुंबतो. तुंबला की बॅकवॉश करायचा, म्हणजे तलावाचंच पाणी उलटं फिरवून गटारात सोडायचं. आपला पंप ताशी १५ हजार लिटरचा आहे. तीन मिनिटांचा बॅकवॉश म्हणजे साडेसातशे लिटर. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगतचे सोनमोहर फुलतात, तेव्हा पाण्यावर पिवळा गालिचा असतो. फोटोला छान दिसतो. पण त्या पाकळ्या कुजल्या की क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो, जंतूंसाठी उरत नाही. मग पाणी हिरवं होतं, मग आपण दुप्पट क्लोरीन ओततो, मग मुलांचे डोळे चुरचुरतात, मग आया तक्रार करतात, आणि मग ठराव येतो.

मी ३२ वर्षं गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपच्या मेंटेनन्सला काढली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी भोसरी, पिंपरी नाहीतर चाकणला आयुष्य घातलंय, त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. पेंट शॉपमध्ये बोनेटवर एक धागा, एक केस पडला तरी तो पॅनल परत घासायला जातो. तिथे धूळ आत आल्यावर पुसत बसत नाहीत. ती आतच येऊ देत नाहीत. हवा आधी कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून येते, मग बूथच्या छतालाच जाड फिल्टरचं कापड ताणलेलं असतं, त्यातून ती सगळीकडून सारखी खाली उतरते. बूथमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. माणसं धागे न सुटणाऱ्या कापडाचे सूट घालतात. शेवटचा हात चिकट फडक्याने मारतात, आणि काही ठिकाणी तर ईमूच्या पिसांचे रोलर गाडीवरून फिरतात. पिसांचे! कोट्यवधींची लाइन, आणि शेवटी विश्वास कापडावर आणि पिसांवर.

आणि कापडावरचा हा विश्वास काही कारखान्यांनी शोधलेला नाही. आपल्या भाषेत ‘वस्त्रगाळ’ असा शब्दच आहे. औषधाची पूड वस्त्रगाळ करायची. नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं या चाळीस-पन्नास वर्षांवरच्या सगळ्यांनी पाहिलंय. हंड्यावर पांढरं मलमल टाकून पाणी भरायचं, आणि ते फडकं दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायचं नाही, असा आमच्या आजीचा कडक नियम होता. नारू आठवतो का कोणाला? पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. तो पायविहिरीच्या पाण्यातल्या बारीक किड्यातून पोटात जायचा, आणि तो किडा साध्या कापडात अडकतो. सरकारने १९८०च्या दशकात नारूविरुद्ध मोहीम काढली तेव्हा गाळून पाणी पिणं हा त्यातला मोठा भाग होता. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी खेड्यांमध्ये जुनी साडी घडी घालून त्यातून पाणी गाळायला सांगितलं, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं होतं. त्यात जुनीच साडी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगतात आणि भोकं बारीक होतात. वहिनींना हे सांगायची गरज नाही, पण इंजिनिअर मंडळींना सांगावं लागतं.

तर माझी सूचना अशी, की तलावाला मातीऐवजी पडदा द्यावा. तीन बाजूंना जाळीच्या कापडाची भिंत, उन्हाळ्यापुरतं वर सरकतं छत, आणि रात्री पाण्यावर अंथरायचं आवरण. तिन्हींची कामं वेगळी आहेत, त्यामुळे एकेकाबद्दल बोलतो.

आधी भिंत. आपल्याकडे उन्हाळी दुपारचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, आणि पश्चिमेलाच सोनमोहर आणि पलीकडे बांधकामाचा प्लॉट. कमिटीत पहिली सूचना आली की पत्रे ठोकू या, एकदाचा प्रश्न मिटेल. मिटणार नाही. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा करून खाली येतो, म्हणजे सगळी धूळ बरोबर तलावाच्या मध्यावर टाकतो. जाळीतून वारा थोडा थोडा झिरपतो, त्याचा जोर मोडतो आणि धूळ आधीच खाली बसते. जळगावकडचे केळीवाले बागेभोवती शेवरी लावतात, भिंत बांधत नाहीत, ते याचसाठी. निम्मी उघडी, निम्मी बंद अशी जाळी वारा सगळ्यात चांगला अडवते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, म्हणजे नंतर कोणी मला लिफ्टमध्ये पकडू नये. जाळी म्हणजे चाळणी नव्हे. सिमेंटची बारीक धूळ जाळीच्या भोकापेक्षा कितीतरी लहान असते, ती आरपार जाईल. जाळीने वारा मंदावून जी कमी होईल तेवढीच कमी होईल, उरलेली फिल्टरने आणि थोड्या तुरटीनेच बसवावी लागेल. पाला, पाकळ्या, पिसं, पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पतंग आणि चिलटं, हे मात्र ती अडवते, आणि आपली मुख्य घाण तीच आहे. मार्चमध्ये आपण पश्चिमेची बाजू तात्पुरती बांधून पाहिली होती. फरक किती पडला ते मला विचारू नका, रोज सकाळी दांड्याच्या जाळीने पाला काढणाऱ्या हाउसकीपिंगच्या मुलाला विचारा.

जाळी कुठली घ्यायची? तळेगावला फ्लोरिकल्चर पार्कमध्ये किंवा मावळात कुठेही गुलाबाच्या पॉलीहाउसवर पाहिली असेल, ती शेडनेट. पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर, नव्वद टक्के सावलीची मिळते. बांधकामावर लावतात ती स्वस्त हिरवी जाळी घेऊ नका, उन्हाने दोन मोसमांत तिचा भुगा होतो आणि तो भुगा तलावातच पडतो. घाण अडवायला लावलेल्या वस्तूनेच घाण करायची, हा प्रकार आपण टेरेसच्या वॉटरप्रूफिंगमध्ये एकदा पाहिलाय. उन्हाला टिकणारी, एकेरी गोल धाग्याची विणलेली जाळी मागायची, कडेला पट्टी शिवलेली आणि पितळी आयलेट ठोकलेली. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका. हिरव्या जाळीखाली पाणी कायमच हिरवं दिसतं, मग शेवाळ आलं की नाही ते कळत नाही.

आता वारा. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्याला वळवाच्या वादळात होर्डिंग कोसळलं आणि आडोशाला थांबलेली पाच माणसं गेली. आपल्यापासून काही किलोमीटरवर. त्यामुळे ‘जाळीच तर आहे, काय होतंय’ असं कोणी म्हणू नये. ताशी १०० किलोमीटरचा वारा भरीव पडद्यावर चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब देतो. आपली पश्चिमेची बाजू, कडेच्या फरशीसकट, १६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच, म्हणजे ४८ चौरस मीटर. ताडपत्री लावली तर सव्वादोन टनांचा धक्का. जाळीवर तो कमी येतो, पण काहीच येत नाही असं नाही. म्हणून खांब फरशीवर नुसते बोल्टने उभे करायचे नाहीत, जमिनीत काँक्रीटमध्ये बसवायचे. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. आणि जाळी खांबाला तारेने कायमची आवळायची नाही, हुकांवर लावायची, म्हणजे आभाळ भरून आलं की वॉचमन पाच मिनिटांत खाली सोडू शकेल. पावसाळ्यात ती गुंडाळून ठेवायची. दिवाळीतही. ही जाळी प्लॅस्टिकची आहे, आणि आपल्याकडचे रॉकेट कुठे जातात ते आगरबत्ती लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

वरचं छत हा भाग थोडा वेगळा. कडक उन्हात पाण्यातला उघडा क्लोरीन तासाभराच्या आतच निम्मा होतो. म्हणून स्टॅबिलायझर घालतात, पण तो साठत जातो, आणि फार साठला की क्लोरीन असूनही मंद पडतो. मग पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही, म्हणजे पुन्हा टँकर. सावली केली तर क्लोरीनही टिकतो आणि शेवाळालाही ऊन मिळत नाही. पन्नास टक्के सावली पुरे. डिसेंबर-जानेवारीत छत सरकवून ठेवायचं, नाहीतर पाणी इतकं गार राहील की कोणी उतरणारच नाही.

पण छताचा आधार पाण्यावरून आडवा पाइप टाकून करू नका. कोटेशन देणारे तिघेही पाइपच सुचवत होते. पाइपवर कबुतरं बसतील. आपल्या डी विंगच्या डक्टमध्ये काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताणलेल्या बारीक स्टीलच्या दोरावर कबुतराला नीट बसता येत नाही. शिवाय पक्कं छप्पर घातलं तर महापालिकेच्या बांधकाम परवानगीचा प्रश्न उभा राहतो. सरकत्या कापडाचं हेही एक सुख.

तिसरं, पाण्यावरचं आवरण. पाणी वाचतं ते मुख्यतः याने. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे की तलाव वापरात नसताना झाकला तर भरीचं पाणी ३० ते ५० टक्के आणि रसायनं ३५ ते ६० टक्के कमी लागतात. आपल्या १७ हजार लिटरवर खालचा आकडा धरला तरी मे महिन्यात पाच हजार लिटर, म्हणजे अर्धा टँकर. रोलर असेल तर दोन माणसं संध्याकाळी अंथरू शकतात. जादा क्लोरीन टाकलेल्या रात्री मात्र ते काही तास उघडं ठेवायचं, वायू निघून जाऊ द्यायचा.

इथे आयांनी आणि आजोबांनी लक्ष द्या. पाण्यावर पसरलेलं आवरण जमिनीसारखं दिसतं, ते जमीन नव्हे. लहान मूल त्यावर पाय ठेवेल, आवरण दबेल, मूल खाली जाईल आणि आवरण वरून परत मिटेल. बाहेरून काहीही दिसणार नाही. म्हणून आवरण असेल तर फाटकाला कुलूप, आणि पोहायच्या आधी आवरण पूर्ण काढायचं. अर्धं गुंडाळून ‘या बाजूला पोहा’ हा प्रकार एकदाही चालणार नाही. जाळीची भिंत हीसुद्धा कुंपण नाही, चार वर्षांचं पोर तिच्याखालून सरपटत जातं. सध्याचं लोखंडी कुंपण आहे तसंच राहील.

आवरणावर पावसाचं पाणी साचलं तर ते काढायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. तलाव झाकून आपण आवरणाच्या खळग्यांत डास पाळले, तर महापालिकेची माणसं दंडाची पावती फाडतील आणि ती योग्यच असेल.

आता ज्या विषयावर सभेत कोणी बोलत नाही तो. पंचवीस वर्षांत आपल्या तलावात बायका किती उतरल्या? मुली दहा-बारा वर्षांपर्यंत येतात, आणि मग एक दिवस यायच्या बंद होतात. कारण विचारायची गरज नाही, वर बघा. तिन्ही विंगच्या बाल्कन्या तलावावर उघडतात. मेंटेनन्स सगळे सारखा भरतात, तलाव मात्र निम्म्या सोसायटीचा. बी विंगमधल्या एका आजींना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. त्या रिक्षाने दुसरीकडे जायच्या, स्वतःच्या घराखाली तलाव असताना. पडदा लागला तर सकाळी सात ते आठ आणि दुपारी चार ते पाच अशा बायकांच्या वेळा करता येतील. छताची जाळी आणि बाजूला पंच्याहत्तर टक्क्यांची जाळी, दोन्ही मिळून वरची नजर बऱ्यापैकी अडते. ज्येष्ठ महिला मंडळाने हे मला स्पष्ट सांगितलंय, की घाणीचं तुम्ही बघा, आम्हाला पडदा यासाठी हवाय.

यात एक पेच आहे आणि तो मी लपवत नाही. पडदा जितका दाट, तितकं बाहेरून आत काय चाललंय ते दिसत नाही. तलावाला डोळ्यांची गरज असते. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तो गप्प खाली जातो. म्हणून चौथी बाजू, म्हणजे क्लब हाउसकडची पूर्वेची, पूर्ण मोकळी ठेवायची. लाइफगार्डची खुर्ची तिथे. बायकांच्या वेळेला बाई लाइफगार्ड पाहिजे, आणि ती नसेल त्या दिवशी तलाव बंद. मग कोणी कितीही फोन करो. मला वाटतं पडद्यापेक्षा ही एक अट पाळणं आपल्याला जड जाणार आहे, आणि ती पाळता येणार नसेल तर पडदा लावूच नये, असंही माझं मत आहे.

बाहेरून येणाऱ्या घाणीचं झालं. आपण स्वतः जी घाण नेतो तिला कुठलाही पडदा अडवत नाही. डोळे चुरचुरतात, नाकाला ‘क्लोरीनचा’ वास येतो, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलट असतं. घाम, तेल आणि (पोरांनो, कान उघडे ठेवा) मुतातल्या अमोनियाशी क्लोरीन जोडला जातो, त्याचा तो वास. स्वच्छ पाण्याला इतका वास नसतो. म्हणून आधी साबण लावून अंघोळ, डोक्याला तेल असेल तर टोपी. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, ओढणी घालून उतरायचं नाही, त्यांचे धागे सुटतात आणि पंपाच्या बास्केटमध्ये गोळा होतात. अंगभर पोशाख हवा असेल तर पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा मिळतो, त्याला कोणाची हरकत नाही. धुळवडीच्या दिवशी तलावाला कुलूप.

पाणी स्वच्छ राहिलं तर रसायनं कमी लागतात, आणि मला त्यात पैशापेक्षा दुसरी काळजी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायू गळला आणि पोहायला आलेल्या लोकांना श्वासाच्या त्रासामुळे दवाखान्यात हलवावं लागलं. आपण सिलिंडर वापरत नाही, पावडर आणि गोळ्या वापरतो, म्हणून निर्धास्त राहू नका. क्लोरीनच्या पावडरीत ॲसिड पडलं तर तोच वायू तयार होतो, पंपरूमच्या बंद खोलीत. दोन वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीन एका डब्यात मिसळले तरी भडका उडू शकतो. सध्या आपल्या पंपरूममध्ये सगळे डबे एकाच फळीवर आहेत. पडद्याचं काय ठरायचं ते ठरो, ती फळी उद्याच बदलायची आहे. रोज सकाळी क्लोरीन एक ते तीन पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ आहे का, ते मोजून बाहेरच्या फळ्यावर लिहायचं, म्हणजे कोणालाही वाचता येईल.

आता पार्किंगवाल्यांसाठी. तलाव आणि भोवतालची फरशी मिळून १६ बाय १०. गाडीला अडीच बाय पाच लागते आणि गाडी फिरवायला वाट लागते, म्हणून एकच रांग बसते. सहा गाड्या. आपल्याकडे स्टिकर नसलेल्या गाड्याच सहाहून जास्त उभ्या असतात, त्यांचं आधी बघू. शिवाय तलाव मंजूर नकाशात आहे, तो बुजवायला नुसता आपला ठराव पुरत नाही.

आणि मुलांचं काय? पावसाळ्यात कुंडमळ्याला, इंद्रायणीवर, पवनेवर दर वर्षी मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. आपली मुलं तिथे जाणार नाहीत असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का? कॉलेजात गेली की विचारून जात नाहीत. मुरलीकांत पेटकरांचं नाव तुम्ही सिनेमामुळे ऐकलं असेल. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. आपल्याला पदक नको. या कॉम्प्लेक्समधलं प्रत्येक मूल दहावीच्या आत पंचवीस मीटर न थांबता पोहू शकलं, म्हणजे आपल्या तलावाच्या दोन लांब्या आणि वर थोडं, तरी मला पुरे.

पैशांचं थोडक्यात. खांब आणि त्यांचं काँक्रीट हा एकदाच होणारा खर्च, तो सिंकिंग फंडातून नको, तो इमारतीसाठी आहे. वेगळी वर्गणी काढू. जाळी चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल, ते गृहीत धरून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकायची. तिन्ही कोटेशनं नोटीस बोर्डावर लावली आहेत, ठेकेदारांची नावं झाकून, म्हणजे ओळखीपाळखीवर मत जाणार नाही. सगळं एकदम करायचं नसेल तर आधी पश्चिमेची भिंत आणि रात्रीचं आवरण एवढंच करू, एक उन्हाळा टँकरची बिलं बघू आणि मग छताचं ठरवू. त्या उन्हाळ्यात बिलं उतरली नाहीत, तर पुढच्या सभेत बुजवण्याचा ठराव परत आणा. मी विरोध करणार नाही.

पन्नास, पंच्याहत्तर आणि नव्वद टक्क्यांच्या जाळीचे तुकडे बाहेर वॉचमनच्या केबिनशेजारी दोरीवर टांगले आहेत. चहा घेऊन तिकडे जा, एकाने जाळीमागे उभं राहायचं आणि दुसऱ्याने तिसऱ्या मजल्यावरून बघायचं. काय दिसतं, काय दिसत नाही, ते खाली ठेवलेल्या वहीत फ्लॅट नंबरसकट लिहा. ताईंनी आधी लिहावं. वही रविवारी संध्याकाळी सहाला सेक्रेटरी उचलून नेतील.